स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्लिशमधले पैशांचे शब्द आणि पॅसिव्ह कसं शिकवायचं

मी सकाळी सातला लॅपटॉप उघडते तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. लोक कामावरून दमून आलेले, कुणी जेवता जेवता कॅमेरा बंद करून बसलेलं, आणि इकडे माझा चहा नुकता गाळून झालेला. मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते मी, बहुतेक मेक्सिको आणि कोलंबियाचे, थोडे स्पेनचे. आपल्याकडची बरीच मंडळी आता हे काम करायला लागलीयेत आणि नवीन आलेला प्रत्येक जण दोन गोष्टींवर अडतो, एक पैशांचे शब्द आणि दुसरं पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कोणी केलं ते मागे ठेवून काय झालं ते पुढे आणणारं वाक्य. माझं म्हणणं असं की हे दोन वेगळे धडे नाहीतच, एकत्र शिकवा, दोन्ही पटकन बसतात.

का ते आधी सांगते. आत्ता तुमच्या फोनवरचा बँकेचा कुठलाही मेसेज उघडून बघा. युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड. पेमेंट वॉज डिक्लाइन्ड. रिफंड विल बी क्रेडिटेड. सगळं पॅसिव्ह. कारण पैशांच्या बाबतीत कोणी केलं हे सांगायची गरजच नसते, कुणाला ते माहीतही नसतं, आपल्याला फक्त माझ्या पैशांचं काय झालं ते हवं असतं. म्हणजे पॅसिव्ह ज्या घरात राहतं ते घर हेच आहे, आणि आपण मात्र विद्यार्थ्याला राम आंबा खातो, रामाकडून आंबा खाल्ला जातो असं उलटसुलट करायला लावतो. कोण बोलतं असं? मी सुरुवातीची दोन वर्षं हेच करायला लावलं, पोरं वाक्यं बरोबर उलटवायची आणि बोलताना एकही वापरायची नाहीत.

आता पायऱ्या सांगते, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका, पहिली आणि चौथी जास्त महत्त्वाची.

पायरी १ : जिथे त्यांचा एक शब्द आणि इंग्लिशचे दोन, तिथून सुरुवात

यासाठी स्पॅनिश यायलाच हवं असं नाही, पण हे आठ-दहा शब्द तरी माहीत पाहिजेत, कारण चूक कुठून येते ते कळलं की अर्धं काम झालं.

गानार. म्हणजे जिंकणं पण आणि कमावणं पण. म्हणून ते म्हणतात आय विन टेन थाउजंड पेसोज अ मंथ, जणू दर महिन्याला लॉटरी लागते. मराठीत आपल्याला जिंकणं वेगळं, कमावणं वेगळं, त्यामुळे ही चूक आपल्या कानाला लगेच खटकते, पण त्यांच्या कानाला अजिबात नाही. विन म्हणजे मॅच, लॉटरी, बक्षीस. अर्न म्हणजे घाम गाळून. मी हातानेच दाखवते, एका हातात कप उंच धरायचा आणि दुसऱ्या हाताने कपाळ पुसायचं. एवढं पुरतं.

प्रेस्तार म्हणजे उसने देणं. घेण्यासाठी ते म्हणतात पेदिर प्रेस्तादो, शब्दशः उसने मागणं. बघा, अगदी आपल्यासारखं! आपल्याकडे पण उसने हा शब्द एकच, पुढे देणं लावा नाहीतर घेणं लावा. इंग्लिशने मात्र दोन पूर्ण वेगळी क्रियापदं ठेवलीयेत, लेंड आणि बॉरो, आणि म्हणून कॅन यू बॉरो मी फिफ्टी डॉलर्स हे वाक्य मेक्सिकोतही ऐकू येतं आणि सोलापुरातही. इथे तुम्ही शिक्षक म्हणून त्यांच्याच बाजूला बसलेले आहात हे त्यांना सांगा. माझ्या भाषेतही एकच शब्द आहे म्हटलं की ते हसतात आणि सैल होतात. मग पैसे कुठल्या दिशेने जातात तो बाण काढायचा, माझ्याकडून तुझ्याकडे लेंड, तुझ्याकडून माझ्याकडे बॉरो.

कोब्रार हा सगळ्यात भारी शब्द. दुकानदार पैसे घेतो तो कोब्रार, बँक चार्ज लावते तो कोब्रार, आणि स्पेनमध्ये तर महिन्याचा पगार हातात येतो तोही कोब्रार. इंग्लिशमध्ये यासाठी चार्ज, कलेक्ट, गेट पेड असे तीन वेगळे रस्ते आहेत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पॅसिव्हमध्ये हाच कामाला येणार आहे.

क्वेंता म्हणजे हॉटेलातलं बिल पण आणि बँकेतलं खातं पण. बियेते म्हणजे नोट, आणि स्पेनमध्ये तिकीट पण. त्यात अमेरिकन इंग्लिशमध्ये नोटेला बिल म्हणतात आणि हॉटेलच्या बिलाला चेक, त्यामुळे इथे गोंधळ होणारच. विद्यार्थी अमेरिकेत जाणार की इंग्लंडात, ते विचारून घ्या आणि एकच संच शिकवा, दोन्ही एकदम देऊ नका.

बाकीचे पटकन सांगते. एफेक्तिवो म्हणजे रोख, म्हणून पे इन इफेक्टिव्ह असं येतं, तिथे कॅश. एकोनोमिको म्हणजे स्वस्त, म्हणून अॅन इकॉनॉमिक रेस्टॉरंट, तिथे चीप किंवा अफोर्डेबल. बँक जी फी कापते तिला ते कोमिसियोन म्हणतात आणि इंग्लिशमध्ये कमिशन करून टाकतात, पण कमिशन म्हणजे दलालाचा किंवा सेल्समनचा वाटा, बँकेची असते ती फी. व्याज त्यांच्याकडे अनेकवचनात चालतं, इंतेरेसेस, म्हणून आय पे मेनी इंटरेस्ट्स असं म्हणतात, आणि इंटरेस्ट्स म्हटलं की गाणी, ट्रेकिंग, बागकाम असा अर्थ लागतो. रेंता हा शब्द मेक्सिकोत घरभाडं आहे पण स्पेनमध्ये उत्पन्न, त्यातही इन्कम टॅक्सचं विवरण, तेव्हा कोण कुठला ते बघूनच बोला. आणि रेसेता म्हणजे पाककृती किंवा डॉक्टरची चिठ्ठी, रेसिबो म्हणजे पावती. त्यामुळे दुकानात रेसिपी मागणारे विद्यार्थी तुम्हाला भेटतील. रिसीट मधला पी आणि डेट मधला बी उच्चारायचा नाही हेही इथेच सांगून टाका. स्पॅनिश बहुतांशी आपल्यासारखीच लिहिल्याप्रमाणे वाचतात, त्यामुळे मुकं अक्षर त्यांना पटतच नाही आणि दर वेळी आठवण करावी लागते.

खर्च करण्याला गास्तार. इथे शब्द कळतो पण त्याला लागून येणारा छोटा शब्द चुकतो, ते स्पेंड मनी इन फूड म्हणतात, हवं ऑन. आणि तोंडातून येतं एस्पेंड. आपल्याकडे गावाकडची माणसं इष्टँड, इस्कूल म्हणतात ना, तोच प्रकार. त्यावर माझा उपाय असा की आधी नुसता सापासारखा स्स्स् लांब ओढायला लावायचा आणि तो न तोडता पेंड म्हणायचं. दोन आठवडे रोज दहा वेळा. जातं.

पायरी २ : आकडे, पण घाई न करता

एक गोष्ट आधी तुमच्यासाठी. लाख आणि कोटी विसरा. तिकडे वन लॅख कुणाला कळत नाही आणि स्वल्पविराम पण तीन तीन आकड्यांवर द्यायचा, १००,००० असा. आपली सवय इतकी घट्ट आहे की मी अजूनही फळ्यावर लिहिताना क्षणभर थांबते.

त्यांची अडचण वेगळीच. स्पॅनिशमध्ये बियोन म्हणजे दहा लाख वेळा दहा लाख, आपल्या भाषेत लाख कोटी. इंग्लिशचं बिलियन म्हणजे फक्त शंभर कोटी, आपलं अब्ज. इंग्लिशच्या बिलियनला ते मिल मियोनेस म्हणतात, हजार मिलियन. म्हणजे बातमी वाचताना हजारपट चूक होऊ शकते, आणि अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तर हे पहिल्याच आठवड्यात सांगा.

दशांश चिन्ह पण बघा. स्पेनमध्ये दोन युरो पन्नास सेंट २,५० असे लिहितात आणि हजाराला टिंब देतात. मेक्सिकोत उलट, आपल्यासारखं टिंबच. स्पेनचा माणूस वाचताना दोस कोन सिंक्वेंता म्हणतो, दोन सह पन्नास, आणि मग इंग्लिशमध्ये टू विथ फिफ्टी. हवं टू फिफ्टी. आणि मेक्सिकोत पेसोचं चिन्ह अगदी डॉलरचंच आहे, तेव्हा पाटीवर $८०० दिसलं तर पेसो की डॉलर हे तोंडाने म्हणायची सवय लावा.

थर्टीन थर्टी, फिफ्टीन फिफ्टी हा घोळ सगळ्यांचाच, पण पैशात तो महागात पडतो. जोर कुठे येतो ते टेबलावर टिचकी मारून दाखवा, फिफ्टीनला शेवटी, फिफ्टीला सुरुवातीला.

एल साल्वादोर किंवा इक्वेडोरचा विद्यार्थी आला तर एक सोय आहे, तिथे चलनच अमेरिकन डॉलर आहे, इक्वेडोरमध्ये २००० पासून आणि एल साल्वादोरमध्ये २००१ पासून. एल साल्वादोरमध्ये पंचवीस सेंटच्या नाण्याला लोक कोरा म्हणतात, हा क्वार्टरचाच अपभ्रंश. त्यांना क्वार्टर शिकवायला लागत नाही, फक्त आरसा दाखवायचा.

पायरी ३ : पॅसिव्हच्या जागी ते काय वापरतात ते ओळखा

इथे नवीन शिक्षक चुकतात. त्यांना वाटतं स्पॅनिशमध्ये पॅसिव्ह नाही. आहे, फुए पागादो (भरलं गेलं) वगैरे अगदी इंग्लिशसारखं आहे, पण ते बातम्यांत आणि सरकारी कागदात. रोजच्या बोलण्यात दोन दुसऱ्याच गोष्टी चालतात.

एक म्हणजे से हा छोटा शब्द. से बेन्दे, विकणे आहे. से आल्किला, भाड्याने देणे आहे. से आसेप्तान तारखेतास, कार्ड चालतात. आपल्याकडे दुकानावर पाटी असते ना, येथे फाटक्या नोटा बदलून मिळतील, कोण बदलणार ते नाही लिहिलेलं, लिहायची गरजही नाही. तेच हे. मग इंग्लिशमध्ये कार्ड्स आर अॅक्सेप्टेड, हाउस फॉर सेल. मी त्यांना त्यांच्याच गल्लीतल्या पाट्यांचे फोटो काढून आणायला सांगते आणि क्लासमध्ये त्या पाट्या इंग्लिशमध्ये लिहून काढतो. व्याकरणाचा एकही नियम न सांगता अर्ध्या तासात पंधरा पॅसिव्ह वाक्यं होतात.

दुसरी गोष्ट, कर्ता न सांगता ते लोकांनी केलं असं बोलायचं. मे पागान एल किन्से, मला पंधरा तारखेला पैसे देतात. कोण देतात? ते. आपण नाही का म्हणत, मला पाच तारखेला पगार देतात. इंग्लिशमध्ये दे पे मी ऑन द फिफ्टीन्थ हे चूक नाही बरं का, त्याच्यावर लाल रेघ मारू नका, पण त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवा. तेच पुढच्या पायरीत.

इथेच आपल्याबद्दल एक सावधगिरी. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवला, रामाने आंबा खाल्ला, आणि डोक्यात बसलं की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. नाही. रामाने आंबा खाल्ला हे इंग्लिशमध्ये सरळ अॅक्टिव्ह आहे, राम पुढेच आहे, खातोय तोच. आंबा खाल्ला गेला किंवा कर्ज मंजूर करण्यात आलं हे खरं पॅसिव्हच्या जवळचं. हे स्वतःला स्पष्ट नसेल तर विद्यार्थ्याला समजावताना आपणच घसरतो.

पायरी ४ : पहिलं पॅसिव्ह म्हणजे आय गेट पेड

व्याकरणाच्या पुस्तकात पहिलं वाक्य इज रिटन, इज मेड असं असतं. मी सुरुवात आय गेट पेड ने करते. मेक्सिकोत बहुतेक नोकरदारांचा पगार पंधरा दिवसांनी होतो, त्याला किन्सेना म्हणतात, आणि त्या दिवशी एटीएमसमोर रांगा असतात, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात ओळखीचं वाक्य आहे. व्हेन डू यू गेट पेड? आय गेट पेड ऑन द फिफ्टीन्थ अँड द थर्टिएथ. प्रत्येक जण बोलू शकतो, कारण प्रत्येकाला उत्तर माहीत आहे.

मग डिसेंबरचा आगिनाल्दो. मेक्सिकोच्या कामगार कायद्याप्रमाणे किमान १५ दिवसांचा पगार २० डिसेंबरच्या आत बोनस म्हणून द्यावाच लागतो. त्यावरून द बोनस इज पेड बिफोर द ट्वेंटिएथ ऑफ डिसेंबर, द बोनस वॉज पेड लेट, द बोनस हॅज नॉट बीन पेड. काळ बदलायचा तो असा, एकाच गोष्टीचा. आधी भूतकाळ, कारण पैशांच्या तक्रारी भूतकाळातच असतात, मग हॅज बीन, आणि विल बी सगळ्यात शेवटी.

त्यांना खूश करणारी एक गोष्ट सांगा. स्पॅनिशमध्ये पॅसिव्हचं क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, पागादो, पागादा, पागादोस, पागादास. आपल्याकडे पण, बिल भरलं, बिलं भरली, हप्ता भरला. इंग्लिशमध्ये फक्त पेड. बदलतं ते नुसतं इज-आर, वॉज-वर. इथे इंग्लिश सोपी आहे आणि हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे, कारण बाकी वेळ ती त्यांना अवघडच वाटत असते.

आता अवघड भाग. आय वॉज पेड फाइव्ह हंड्रेड पेसोज. आय वॉज गिव्हन अ लोन. आय वॉज चार्ज्ड अ फी. हे स्पॅनिशमध्ये होतच नाही, ज्याला पैसे मिळाले तो वाक्याचा मालक होऊच शकत नाही, तो मे म्हणून, म्हणजे आपला मला म्हणून, बाजूला राहतो. मराठीत पण मला कर्ज दिलं गेलं असंच म्हणतो, मी दिलो गेलो असं नाही म्हणत आपण. म्हणून ते म्हणतात टू मी वॉज चार्ज्ड, किंवा नुसतं वॉज चार्ज्ड अ कमिशन, कर्ता गायब, कारण त्यांच्या वाक्यात क्रियापद आधी आलं तरी चालतं. मी एक युक्ती करते. फळ्यावर एक माणूस काढते आणि एक नोट. प्रश्न विचारते, ही गोष्ट कुणाची? माणसाची असेल तर आय ने सुरू कर. नोटेची असेल तर द मनी ने. आय वॉज गिव्हन अ लोन, द लोन वॉज अॅप्रूव्ड. कोण पुढे ठेवायचं हे ठरलं की बाकीचं वाक्य आपोआप मागे येतं.

पायरी ५ : रॉब आणि स्टील, हिला पूर्ण एक तास

एक नर्स होत्या, कोलंबियातल्या बोगोताच्या. एका सोमवारी आल्या त्या रडवेल्या, बसमध्ये पाकीट गेलं होतं. म्हणाल्या, मिस, आय वॉज स्टोलन. मी आधी फक्त ऐकून घेतलं, चूक दुरुस्त केली नाही, आणि तुम्हीही करू नका, माणूस दुःखात असताना व्याकरण थांबू शकतं. कार्ड ब्लॉक केलं का, कागदपत्रं होती का, सगळं विचारून झालं. पुढच्या क्लासला त्यांनी स्वतःच विचारलं की परवा मी बरोबर बोलले का.

मूळ असं आहे. मे रोबारोन ला कार्तेरा, माझं पाकीट मारलं. रोबार हा एकच शब्द. इंग्लिशमध्ये माणसाला रॉब करतात, वस्तू स्टील करतात. आय वॉज रॉब्ड. माय वॉलेट वॉज स्टोलन. आय वॉज स्टोलन म्हणजे कुणीतरी मलाच उचलून नेलं. आपल्याकडे लुटणं आणि चोरणं हे जवळपास तसंच आहे, मला लुटलं, पाकीट चोरलं, मला चोरलं असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे तुम्हाला हे समजावणं सोपं जाईल. त्या नर्सने त्या दिवशी वहीत दोन चौकोन काढले, एकात माणूस, एकात पाकीट, आणि खाली दोन वाक्यं लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरली. तेव्हापासून मी सगळ्यांकडून ते दोन चौकोन काढून घेते.

पायरी ६ : स्पॅनिशमधल्या ‘पोर’मुळे जेवणाचं बिल कुणी भरलं ते उलटतं

पोर हा शब्द म्हणजे बाय पण आणि फॉर पण. पागादो पोर मि खेफे, माझ्या साहेबांनी भरलं. विद्यार्थी म्हणतो पेड फॉर माय बॉस, आणि अर्थ होतो साहेबांसाठी भरलं. पैसे कुणाचे गेले तेच बदललं! आणि वर आणखी एक गाठ, इंग्लिशमध्ये बिल पे करतात पण जेवण पे फॉर करतात, स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे नुसतं पागार. मग द डिनर वॉज पेड फॉर बाय माय बॉस, फॉर आणि बाय शेजारी शेजारी. हे ऐकून पहिल्यांदा सगळे चिडतात. चिडू द्या. तीन पावत्या घ्या, हॉटेल, टॅक्सी, सिनेमा, आणि विचारत जा, हू वॉज इट पेड फॉर बाय? बोलून बोलूनच बसतं, समजावून नाही.

बाकी बाय फार शिकवू नका. खऱ्या बोलण्यात बहुतेक पॅसिव्ह वाक्यांना बाय नसतंच, माय कार्ड वॉज डिक्लाइन्ड, बस.

पायरी ७ : शेवटचं अक्षर गिळू देऊ नका

स्पॅनिश शब्दांच्या शेवटी जोडाक्षरासारखी गर्दी नसते, त्यामुळे चार्ज्ड चं होतं चार्ज, आणि आय वॉज चार्ज म्हणताना पॅसिव्ह अर्धं मरतं. काही जण उलट टोकाला जाऊन चार्जेड म्हणतात. नियम एकच, मूळ शब्द ट किंवा ड ने संपत असेल तरच इड येतो, डिपॉझिटेड, क्रेडिटेड, डिडक्टेड, रिफंडेड. नाहीतर चार्ज्ड, ओव्ड, ट्रान्सफर्ड, डिक्लाइन्ड, शेवट हलकाच. पुढच्या शब्दाला स्वर असेल तर जोडून म्हणायला लावा, चार्ज्ड अ फी चं चार्ज्-डफी, तिथे डी आपोआप ऐकू येतो.

आणि कॉस्ट चं पॅसिव्ह होत नाही. इट वॉज कॉस्ट फिफ्टी हे ऐकलं की लगेच थांबवा, इट कॉस्ट फिफ्टी.

एक तास कसा घालवायचा

सुरुवातीची दहा मिनिटं मागच्या क्लासचे बाण आणि चौकोन, तोंडी. मग एखादी खरी वस्तू. मी डीमार्टची लांबलचक पावती कॅमेऱ्यासमोर धरते, त्यांना ती फार आवडते, आपले तांदूळ-डाळीचे भाव विचारत बसतात, टॅक्स किती लागला ते विचारतात. तिथून विषय निघतो. मेक्सिकोत कर साधारण १६ टक्के आणि तो पाटीवरच्या किमतीत धरलेला असतो, स्पेनमध्ये नेहमीचा दर २१ टक्के, पण अमेरिकेत दुकानातल्या पाटीवर टॅक्स नसतो, गल्ल्यावर वाढतो. जो पहिल्यांदा तिकडे जाणार आहे त्याच्यासाठी इज टॅक्स इन्क्लुडेड आणि इज द टिप इन्क्लुडेड ही दोन पॅसिव्ह वाक्यं सोन्याची आहेत, आणि एस्ता इन्क्लुइदा ला प्रोपिना हे त्यांचं वाक्य जवळपास तसंच असल्यामुळे पटकन जीभेवर बसतं.

मग वीस मिनिटं जोडीने बोलणं. एक जण बँकेचा, एक जण तक्रार घेऊन आलेला. शेवटी लिहायचं, तीनच ओळी.

गृहपाठ म्हणून बँकेचे किंवा अॅपचे पाच मेसेज आणायला सांगा, खाते क्रमांक आणि रकमा खोडून. ही खोडायची गोष्ट नीट बजावा, ग्रुपमध्ये कुणी स्क्रीनशॉट तसाच टाकला तर लगेच काढायला सांगा. आणि विद्यार्थ्याचा खरा पगार, कर्ज कधीही विचारू नका. काही जण घरी पैसे पाठवतात, काहींचं काम गेलेलं असतं, अर्जेंटिना किंवा व्हेनेझुएलाच्या माणसाला बचतीबद्दल विचारलंत तर महागाईची जखम उघडते. कागदावर एक काल्पनिक माणूस बनवा, त्याला पगार द्या, भाडं द्या, आणि त्याच्याबद्दल बोला.

मजेसाठी शेवटची पाच मिनिटं बोलीभाषेतले शब्द ठेवा. पैशाला बऱ्याच देशांत प्लाता म्हणतात, म्हणजे चांदी, मेक्सिकोत लाना, म्हणजे लोकर, स्पेनमध्ये पास्ता. आणि इंग्लिशमध्ये डो, म्हणजे मळलेलं पीठ, आणि ब्रेड. स्पेनच्या मुलाला पास्ता आणि डो शेजारी लिहून दाखवलं की तो डो कधी विसरत नाही.

तक्रारीचा मेल

हे सगळ्यात शेवटी करा, कारण सगळं एकत्र इथे लागतं. कोब्रार आठवतोय ना. मे कोब्रारोन दोस बेसेस, माझ्याकडून दोनदा पैसे घेतले. माझ्या एका विद्यार्थिनीला परदेशातल्या एका हॉटेलने खोलीचे पैसे दोनदा लावले. तिने लिहिलेला पहिला मसुदा होता यू चार्ज्ड मी टू टाइम्स, यू आर स्टीलिंग माय मनी. राग खरा होता, पण समोरचा वाचून फक्त बचाव करत बसला असता. आम्ही दोघींनी बसून एक एक वाक्य हलवलं. यू काढलं, कार्ड पुढे आणलं, टू टाइम्स चं ट्वाइस केलं. माय कार्ड वॉज चार्ज्ड ट्वाइस ऑन द सिक्स्थ. द सेकंड पेमेंट हॅज नॉट बीन रिफंडेड. कुड इट बी रिटर्न्ड टु द सेम कार्ड?

तीन वाक्यं, तीन पॅसिव्ह, कुणावर बोट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी लॅपटॉप उघडला तर क्लास सुरू व्हायच्या आधीच तिचा मेसेज येऊन पडलेला, मिस, इट हॅज बीन रिफंडेड.